समुद्राकाठच्या खिडक्या: आधी दिशा, मग माल

प्रश्न: दापोली तालुक्यात समुद्रापासून दोनशे-अडीचशे मीटरवर आमचं सासरचं घर आहे. चिऱ्याचं, कौलारू, पस्तीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. एकूण अकरा खिडक्या. पूर्वेला पडवीत चार जुन्या सागवानी, बाकी सात लोखंडी झेड सेक्शनच्या (झेड आकाराच्या पट्टीच्या): पश्चिमेला तीन, दक्षिणेला दोन, उत्तरेला दोन. लोखंडी खिडक्या गंजून फुगल्या आहेत, दोन बंदच होत नाहीत. पश्चिमेच्या खोलीत दर पावसाळ्यात खिडकीखाली भिंतीला ओल येते. घरात सासूबाई एकट्या असतात, वय ७६, हातात जोर राहिलेला नाही. गावातला फॅब्रिकेटर अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग सुचवतो, मुंबईचा एक विक्रेता यूपीव्हीसीच (कडक प्लास्टिकच्या पट्टीची खिडकी) घ्या म्हणतो आणि दीर म्हणतात सागवानाला तोड नाही. अकराही खिडक्या एकदमच बदलून टाकाव्यात असं मनात आहे. काय घ्यावं?

उत्तर:

ताई, आधी अकराचा आकडा खाली आणा. पडवीतल्या चार सागवानी खिडक्या काढू नका. त्यांचं काय करायचं ते शेवटी लिहिलं आहे. बदलायच्या राहिल्या सात, आणि त्या सातही एकसारख्या असायचं कारण नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड पश्चिमेच्या तीन आणि दक्षिणेच्या दोन खिडक्यांवर थेट आपटते. उत्तरेच्या दोघींना त्या मानाने आराम आहे. सगळ्यांना एकच नमुना आणि एकच दर लावणं फॅब्रिकेटरच्या सोयीचं असतं, घराच्या नाही.

तिघांनी तुम्हाला तीन माल सांगितले. खिडकी उघडायची कशी, हे एकानेही काढलेलं दिसत नाही. खाऱ्या हवेत सेक्शन बऱ्याचदा शाबूत राहतो. आधी जातात स्क्रू, बिजागऱ्या, चाकं आणि लॉक. आणि पाणी घरात येतं ते तळाच्या सांध्यातून. म्हणून निवड करताना क्रम असा ठेवा: खिडकी उघडते कशी, तिचे स्क्रू-बिजागऱ्या कशाचे, तळाशी आलेलं पाणी जातं कुठे, आणि यानंतर माल.

थोडं मिठाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण धातूवर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपणहून पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे ऐन डिसेंबरातसुद्धा तुमच्या खिडकीच्या पट्टीवर रात्रभर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो आणि गंजण्याचं काम चालूच राहतं. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. जो भाग पावसात धुऊन निघतो तो जास्त टिकतो. छज्जाखालचा, बिजागरीमागचा, ग्रिलच्या जोडाआडचा भाग कधीच धुतला जात नाही, म्हणून तिथे मीठ साठत जातं. लोखंडी चौकटीचे खालचे कोपरे साचलेल्या पाण्याने गेले असतील, पण वरच्या बिजागऱ्या गेल्या त्या न धुतलेल्या मिठाने.

आता स्लायडिंग. दोन तावदानं एकमेकांशेजारून सरकायची तर मध्ये फट हवीच. ती फट ब्रशच्या पट्टीने झाकतात. ब्रश वारा थोडाफार अडवतो, पाणी अडवत नाही. आत आलेलं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये उतरतं आणि पुढच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. पण बाहेरून वारा दाबत असेल तर ते बाहेर पडत नाही, ट्रॅकमध्येच वर चढतं. किती चढतं ते काढता येतं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणा, की दाब पास्कलमध्ये मिळतो. आणि दर १० पास्कलला पाणी साधारण १ मिलिमीटर चढतं. ताशी ६० किलोमीटरच्या झोताला सुमारे १६७ पास्कल, म्हणजे १७ मिमी. ताशी १०० किलोमीटरला ४६३ पास्कल, म्हणजे ४७ मिमी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता आणि त्याची झळ दापोलीलाही बसली. फॅब्रिकेटर दाखवतो त्या नमुन्याच्या ट्रॅकची आतली कड पट्टीने मोजून बघा. स्वस्त सेक्शनांत ती बहुधा ३० मिमीच्या आत भरते. नेहमीच्या पावसाला ती चालून जाईल; मोठ्या झडीला उरलेलं पाणी थेट आतल्या लादीवर.

बाहेर उघडणाऱ्या झडपेचं याच्या उलट आहे. ती चौकटीवर बाहेरून बसते आणि मध्ये रबराचं गास्केट असतं. वारा जितका जोरात दाबेल तितकी ती गास्केटवर घट्ट बसते. आत उघडणाऱ्या झडपेत वारा तिला गास्केटपासून सोडवत असतो, म्हणून पश्चिमेला तीही नको. तेव्हा पश्चिम आणि दक्षिणेच्या पाचही खिडक्या बाहेर उघडणाऱ्या घ्या, उत्तरेच्या दोन स्लायडिंग चालतील.

झडप रुंदीला दोन फुटांपेक्षा मोठी करू नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. दोन बाय चार फुटांच्या झडपेत ५ मिमी काच घातली तरी नुसती काचच नऊ किलोच्या वर जाते, सेक्शन वेगळा. झडप रुंद झाली की हे वजन बिजागरीपासून लांब जातं, झडप लोंबते आणि खालचा कोपरा चौकटीला घासू लागतो. चार फुटी खिडकीत दोन झडपा येतील. त्यांच्या मध्ये पक्का उभा खांब मागा. दोन झडपा एकमेकींवर मिटणारा, मधे खांब नसलेला प्रकार उघडल्यावर छान मोकळा दिसतो, पण वाऱ्याकडच्या भिंतीवर मधला सांधा गळतो आणि दुसऱ्या झडपेच्या वर-खालच्या कड्या लावायला सासूबाईंना वाकावं नि हात उंच करावा लागेल. लॉक मल्टीपॉइंट घ्या: मधलं एकच हँडल फिरवलं की झडप दोन-तीन ठिकाणी ओढून धरली जाते. हातात जोर नसलेल्या माणसाला हे चांगलं, आणि गास्केटही सगळीकडे सारखं दाबलं जातं. खिडकीच्या वरच्या भागात फूटभर उंचीचं, वरून बिजागरी असलेलं आणि खालून बाहेर ढकलायचं वेगळं तावदान ठेवा. साध्या रिपरिपीत ते उघडं राहू शकतं आणि खोलीचा कोंदट वास जातो. झडपा मात्र वारा उठला की लगेच मिटायच्या. उघडी झडप एका झोतात स्टेसकट (तिला उघडी धरणाऱ्या पट्टीसकट) उखडते.

आता मालाकडे. यूपीव्हीसीला मीठ लागत नाही, हा विक्रेत्याचा मुद्दा बरोबर आहे. तो सांगत नाही ते त्या सेक्शनच्या पोटात असतं. प्लास्टिकची पट्टी एकटी वाकते, म्हणून आत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीचा आधार घालतात. ती कापली की कापलेल्या टोकाला जस्त नसतं. पाणी निघायची खाच चुकून त्या आधाराच्या पोकळीतून काढली, किंवा तळाला आरपार स्क्रू मारला, की पाणी आत उतरतं आणि बाहेरून पांढरीशुभ्र दिसणारी खिडकी आतून गंजते. नमुन्याचा कापलेला तुकडा मागा आणि तीन गोष्टी बघा: दर्शनी भिंतीची जाडी २.८ मिमी आहे का (२.५ ही खालची पायरी, त्याहून कमी नको), आधाराची पट्टी किमान दीड मिमीची आहे का आणि झडपेतही आहे का, की नुसती चौकटीतच, आणि पाण्याचा मार्ग आधाराच्या पोकळीपासून वेगळा आहे का. रंग पांढराच घ्या. लाकडी छापाचा गडद सेक्शन पश्चिमेच्या उन्हात फार तापतो आणि जास्त फुगतो.

अ‍ॅल्युमिनियम वाईट नाही, पण त्याची सगळी भिस्त वरच्या थरावर आहे. ६० ते ८० मायक्रॉनची पावडर कोटिंग असावी हे सगळेच सांगतात. त्याखाली काय केलं ते महत्त्वाचं: कोटिंगआधी सेक्शन धुऊन, हलका कोरून, रसायनाचा थर देऊन तयार करावा लागतो, धंद्यात याला सेव्हन टँक म्हणतात. हे टाळून नुसती पावडर मारली तर पहिली दोन वर्षं काही कळत नाही. मग कोपऱ्यातून, स्क्रूच्या भोकातून रंगाखाली बारीक दोऱ्यासारख्या रेषा पसरू लागतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. सुरुवात कापलेल्या टोकापासूनच होते, कारण फॅब्रिकेटर रंगवलेली लांबी आणून ४५ अंशात कापतो आणि कापलेली कड उघडी राहते. अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं तर २५ मायक्रॉनचं अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने धातूवरच तयार केलेला कडक थर) मागा, किंवा सेव्हन टँकचा दाखला घ्या, आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला जोडण्याआधी सीलर लावून घ्या. भिंतीची जाडी दीड मिमी. डोमल सेक्शन (अ‍ॅल्युमिनियमच्या जाड सेक्शनचं बाजारातलं नाव) म्हटलं की भक्कम, असं समजू नका. त्याच नावाखाली पातळ मालही मिळतो. धावत्या फुटाचं वजन विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर पश्चिम-दक्षिणेच्या पाच पांढऱ्या यूपीव्हीसीच्या आणि उत्तरेच्या दोन तुमच्या गावच्या फॅब्रिकेटरकडून अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगच्या. कारण साधं आहे: यूपीव्हीसीचा तुकडा हातात घेऊन तपासता येतो, पावडरखालची तयारी डोळ्यांना दिसत नाही. अट एकच. दोन वर्षांनी हँडल तुटलं तर ते बदलायला दापोलीला कोण येणार, हे मुंबईच्या विक्रेत्याकडून लेखी घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर चिपळूण-रत्नागिरीकडे काम करणारा यूपीव्हीसीवाला शोधा. तोही मिळाला नाही तर पाचही खिडक्या बाहेर उघडणाऱ्याच, पण अ‍ॅल्युमिनियमच्या, गावच्याच माणसाकडून. पुन्हा लोखंड नको. नवं सागवान पडवीला शोभेल, पण पश्चिमेला दरवर्षी तेलपाणी करणारं माणूस घरात हवं, आणि ते तुमच्याकडे नाही.

स्क्रू आणि बिजागऱ्यांवर चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. बाजारात सर्रास मिळणारे पिवळसर झाकेचे स्क्रू लोखंडाचेच असतात, वर जस्ताचा पुसट थर. तुमच्या अंतरावर ते एखाद-दोन पावसाळे काढतील, आणि गंजले की डोकं घासून जातं, मग खिडकी उघडून दुरुस्तही करता येत नाही. 'एसएस' (स्टेनलेस स्टील) एवढं लिहून चालणार नाही. २०२, ३०४, ३१६ या तिन्हींना दुकानदार एसएसच म्हणतो. २०२ समुद्राकाठी नको. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत खरं टिकतं. ३०४ वर चहासारखे तपकिरी डाग पडतात, ताकद लगेच जात नाही. लोहचुंबक लावून फरक कळतो असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. तिन्ही चुंबकाला जवळपास सारखीच दाद देतात. मॉलिब्डेनम तपासायचे थेंब मिळतात, त्यांनी ३१६ ओळखता येतं. बाहेर उघडे राहणारे सगळे स्क्रू ३१६ चे घ्या. फ्रिक्शन स्टे ३१६ मध्ये मिळाले तर उत्तम, नाहीतर ३०४. पृष्ठभाग गुळगुळीत चकचकीत हवा. ब्रश फिनिशच्या रेघांत मीठ अडकून राहतं. स्लायडिंगची चाकं नायलॉनची आणि बेअरिंग स्टेनलेसचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्क्रू जातो तिथे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर दोन धातूंच्या मधल्या खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

काच: पश्चिमेच्या तिघींना लॅमिनेटेड, ३ मिमी अधिक ०.३८ ची फिल्म अधिक ३ मिमी. वादळात नारळाची झावळी येऊन आपटली आणि काच फुटली तरी ती फिल्मला चिकटून जागेवर राहते, पाऊस घरात घुसत नाही. बाकी ठिकाणी ५ मिमी टफन्ड (तापवून कडक केलेली) पुरे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून तिची मापं शेवटी. एसी नसलेल्या घरात दुहेरी काचेवर खर्च करू नका. तिचं सील गेलं की दोन काचांमध्ये धुकं धरतं, ते पुसता येत नाही. जाळी फायबरग्लासची, अ‍ॅल्युमिनियमची जाळी मिठाने भोकं पडून जाते.

ग्रिलचा प्रश्न बाहेर उघडणाऱ्या झडपेत आपोआप सुटतो, कारण ग्रिल आत येतं आणि खाऱ्या पावसापासून वाचतं. चिऱ्याची भिंत जाड असते. चौकट बाहेरच्या कडेपासून तीन इंच आत बसवा आणि ग्रिल भिंतीच्या आतल्या कडेला. म्हणजे हँडलपर्यंत हात जायला चार इंच तरी जागा राहते. सासूबाईंचा हात गजांतून सहज जातो का ते ग्रिल बनवायच्या आधी पुठ्ठा कापून पाहा. जात नसेल तर हँडलपाशी छोटी उघडणारी चौकट ठेवा. पोकळ पाइपचं ग्रिल घेऊ नका, ते आतून गंजतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. भरीव १२ मिमी गज, वेल्डिंग संपल्यावर घासून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. जाळी ग्रिलच्या आतल्या बाजूला, आत उघडणाऱ्या हलक्या फ्रेममध्ये.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चांगली खिडकी वाया जाते ती इथे. जुनी लोखंडी चौकट हातोड्याने ठोकून काढू देऊ नका. तिचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट धरून ठेवणारे लोखंडी तुकडे, भिंतीत काँक्रीटमध्ये रुतलेले असतात. ठोकलं की चिऱ्याची कड ढासळते. ग्राइंडरने चौकट मधोमध कापायची, तुकडे आतल्या बाजूला ओढायचे, होल्डफास्ट मुळाशी कापायचे किंवा त्यांचं काँक्रीट सैल करून बाहेर काढायचं. चिरा सच्छिद्र असतो, त्यात फुगणारा लोखंडी बोल्ट मारला तर तो भोक फाडतो. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला तीन ठिकाणी, चार बाय चार इंच आणि सहा इंच खोल खोबण करून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. या जागा चौकटीच्या कोपऱ्यांपासून १५० मिमीवर आणि एक मध्यात येऊ द्या. दोन स्क्रूंमधलं अंतर ६०० मिमीच्या वर जायला नको. नंतर फ्रेम फास्टनर (चौकट भिंतीला धरणारे लांब स्क्रू) याच काँक्रीटमध्ये जातील. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, मूळ वेग पणजीला ३९ आणि मुंबईला ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे. तुमचं घर या दोन गावांच्या मधल्या किनाऱ्यावर, तेव्हा चार बाय चार फुटांच्या खिडकीवर १४० ते १७५ किलोचा भार येऊ शकतो असं धरून चाला. हा सगळा भार त्या सहा-आठ स्क्रूंवर जातो.

कडा दुरुस्त करून, गिलावा करून किमान सात दिवस पाणी मारा. मापं त्यानंतर घ्या, आधी नाही. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. सगळ्यात कमी मापातून दोन्ही बाजूंचे मिळून १० ते १२ मिमी वजा करा. यूपीव्हीसी चार फुटांत उन्हाने दोन-अडीच मिमी वाढतं, त्याला जागा लागते. ही फट गवंड्याला दिसली की त्याचा हात सिमेंटकडे जातो. तिथे सिमेंट भरू देऊ नका: यूपीव्हीसीला वाढायला जागा उरत नाही, आणि ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं. फटीत पीयू फोम (फवारल्यावर फुगणारा), तो सुकल्यावर कापून घ्यायचा, बाहेरच्या तोंडाला फोमची गोल दोरी दाबायची आणि वर सिलिकॉन. फोम एकटा पाणी अडवत नाही आणि उन्हात त्याची भुकटी होते. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचंच. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर परत करा. ते सिमेंटला नीट धरत नाही, धातूला गंजवतं आणि लॅमिनेटेड काचेची फिल्म कडेने पांढरी पाडतं.

तळाची फरशी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तुमच्या पश्चिमेच्या खोलीतली ओल बहुधा इथूनच येते. फरशी ग्रॅनाइटची किंवा कडाप्प्याची, अखंड, मधे सांधा नको. बाहेरच्या बाजूला दर चार इंचाला १० मिमी उतार. भिंतीच्या पुढे ४० ते ५० मिमी आलेली, आणि खालच्या बाजूला कडेपासून इंचभर आत १० मिमी रुंद खाच, म्हणजे पाणी परत भिंतीकडे न ओघळता खाली गळेल. दोन्ही टोकं बाजूच्या गिलाव्यात दोन इंच शिरलेली. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचे दोन हात, ते बाजूंनाही चार इंच वर चढवलेले. चौकटीच्या तळपट्टीतून खाली आरपार स्क्रू मारू देऊ नका. तळाला पट्टीचे ब्रॅकेट वापरून बाजूने धरायचं. आणि सिलिकॉनवाला काम उरकून निघाला की स्वतः बाहेर जाऊन पाहा: पाणी निघायच्या खाचा त्याने सिलिकॉनने बुजवल्या आहेत का? हे इतकं सर्रास होतं की मजुरीचा शेवटचा हप्ता देण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येतंय का हे बघावंच.

जुन्या खिडक्या काढण्याआधी ओलीचा माग काढा. कोरड्या दिवशी नळीने फक्त फरशीच्या खालच्या भिंतीवर दहा मिनिटं पाणी सोडा आणि तासभर थांबा. चिरा पाणी आत पोचवायला वेळ घेतो. आत ओल आली तर दोष भिंतीचा आहे आणि नवी खिडकी तो घालवणार नाही. बाहेरून गिलावा किंवा चिऱ्यावर पाणीरोधक द्रव्याचा हात लागेल. नाही आली तर पाणी फरशीच्या सांध्यावर, मग चौकटीच्या बाजूंवर, मग वर. नेहमी खालून वर जायचं; वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच उतरतं आणि काही कळत नाही. नव्या खिडक्या बसल्यावर हीच चाचणी पुन्हा करा.

वेळापत्रक उलटं मांडा. मृगाआधी तीन आठवडे तरी काम संपलेलं हवं; तौक्ते वादळ २०२१ मध्ये मे महिन्याच्या मध्यालाच कोकण किनाऱ्याने वर सरकलं होतं. कारखान्याला तीन-चार आठवडे, कडांची दुरुस्ती आणि पाणी मारणं दोन आठवडे. शिमग्यात गवंडी मिळणार नाही, तो पालखीत असेल. तेव्हा खोबणी आणि गिलावा शिमग्याआधी, बसवणं एप्रिलमध्ये. सातही खिडक्या एकदम उघड्या टाकू नका, सासूबाई घरात आहेत. दिवसाला दोन पुरेत.

कोटेशनवर या ओळी जशाच्या तशा लिहून घ्या: "पश्चिम व दक्षिण बाजूच्या पाच खिडक्या बाहेर उघडणाऱ्या, मधला खांब पक्का, मल्टीपॉइंट लॉक. सेक्शनची दर्शनी जाडी २.८ मिमी, आधाराची पट्टी दीड मिमी, चौकट व झडप दोन्हींत. सर्व उघडे स्क्रू एसएस ३१६. न्यूट्रल सिलिकॉन. पश्चिमेला लॅमिनेटेड काच, इतर ठिकाणी ५ मिमी टफन्ड, आयएस २५५३ च्या खुणेसह. फायबरग्लास जाळी, वाहतूक व बसवणी दरात समाविष्ट. पाण्याची चाचणी झाल्यावर शेवटचे २० टक्के." दर चौरस फुटावर असतो, तेव्हा माप चौकटीचं धरलं की भिंतीच्या मोकळ्या जागेचं, हेही विचारा.

बसवल्यावर देखभाल म्हणजे गोडं पाणी. समुद्राकडच्या खिडक्या दिवाळी ते मे महिन्यातून एकदा बादलीभर गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायच्या, छज्जाखालचा भाग आणि बिजागऱ्यांची मागची बाजू विशेष करून. पावसाळ्यात ट्रॅकच्या खाचा तारेने मोकळ्या करायच्या. खोबरेल तेल बिजागऱ्यांना लावू नका, त्यावर धूळ-मीठ चिकटून मळी धरते. सिलिकॉनचा फवारा वर्षातून दोनदा. पश्चिमेच्या तीन खिडक्यांच्या मापाचे १२ मिमी मरीन प्लायचे तुकडे कापून, त्यावर खिडकीचा नंबर टाकून माळ्यावर ठेवा, आणि बाहेरून बोल्ट लावायची जागा आताच काँक्रीटमध्ये करून घ्या. वादळाची सूचना आल्यावर शेजारच्या दोघांना अर्ध्या तासात लावता येतील.

आता सागवानी खिडक्या. पडवीच्या आडोशाला असल्याने त्यांचं लाकूड बहुधा ठणठणीत असेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत, सांध्याजवळ दाबून बघा. पाच-सहा मिमीपेक्षा आत गेलं तर तेवढीच पट्टी सुताराकडून सागवानाचीच तिरपा सांधा करून जोडून घ्या, सगळी झडप नवी करू नका. लोखंडी गज गंजून फुगतो तेव्हा चौकटीला चीर पाडतो. असे गज काढून १२ मिमीचे एसएस ३१६ चे घाला. बिजागऱ्या, कड्या आणि स्क्रू सगळे पितळी. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात सरळ पिळला तर मान तुटते. आधी बारीक भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढायचा, मग पितळी बसवायचा. चकचकीत व्हार्निश नको, वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे निघतात आणि त्याखाली पाणी अडतं. नुसतं जवसाचं तेल कोकणातल्या दमटात काळी बुरशी धरतं. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं बुरशीरोधक तेल घ्या, पहिल्या वर्षी तीन हात, पुढे दरवर्षी दिवाळीनंतर एक. मच्छीमार होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल स्वस्त आणि जालीम असतं, पण लाकूड काळं पडतं आणि हाताची कातडी भाजते, तेव्हा ते लावायचंच ठरलं तर चौकटीच्या भिंतीत जाणाऱ्या बाजूला, हातमोजे घालून.